मराठी दूरचित्रवाणी मालिका व माहितीपट

मराठी दूरचित्रवाणी मालिका व माहितीपट या संज्ञेत मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यापासून मराठीत प्रक्षेपित झालेली नाटके, मालिका, चरित्रमालिका आणि वास्तवाधारित चित्रपट यांचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात या कार्यक्रमांतील विविधता कशी घडली आणि त्यात वऱ्हाडाला, म्हणजे अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांना, कोणते स्थान मिळाले याचा विचार केला आहे. तुलनेसाठी ब्रिटिश दूरचित्रवाणीचा आधार घेतला आहे. भारतातील सार्वजनिक प्रसारणाची कल्पना ब्रिटिश नमुन्यावरून आली होती, तसेच प्रादेशिक बोलीला पडद्यावर जागा कशी मिळते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तेथेच आढळते.

ब्रिटिश नमुना

बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती बंद होती. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही तीन उद्दिष्टे बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या नावाशी जोडली जातात; आकाशवाणी व दूरदर्शन यांनीही हीच त्रिसूत्री स्वीकारली. जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही ही सेवा २२ सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली. तिची रचना या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आयटीव्ही ही एकच कंपनी नव्हती. देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाचा परवाना वेगळ्या कंपनीला देण्यात आला होता. मँचेस्टर परिसरात ग्रॅनडा होती, तर लीड्स येथे पुढे यॉर्कशायर टेलिव्हिजन आली.

या रचनेचा परिणाम कार्यक्रमांच्या भाषेवर झाला. ग्रॅनडाने ९ डिसेंबर १९६० पासून दाखवलेल्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेतील पात्रे उत्तर इंग्लंडच्या कामगार वस्तीची बोली बोलत. यॉर्कशायरच्या ग्रामीण भागातील शेतकरी कुटुंबावरील 'एमरडेल फार्म' ही मालिका १६ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शनच्या आरंभानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी सुरू झाली. दोन्ही मालिका पुढे अनेक दशके चालू राहिल्या. निर्मितीचे केंद्र ज्या प्रदेशात होते, त्या प्रदेशाची बोली तेथील लेखकांना आणि नटांना वेगळी शिकावी लागली नाही.

ब्रिटिश परंपरेचा दुसरा विशेष म्हणजे एका रात्रीत संपणारे स्वतंत्र दूरचित्रवाणी नाटक. 'द वेन्सडे प्ले' (१९६४–७०) आणि 'प्ले फॉर टुडे' (१९७०–८४) या बीबीसीच्या मालांमधून अशी नाटके सादर झाली. केन लोच दिग्दर्शित 'कॅथी कम होम' (१९६६) हे बेघर कुटुंबाचे नाटक माहितीपटासारखे, प्रत्यक्ष रस्त्यांवर चित्रित करण्यात आले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच 'शेल्टर' ही बेघरांसाठीची संस्था सुरू झाली. तिची तयारी आधीपासूनच चालू होती; मात्र नाटकाने निर्माण केलेल्या लोकमताचा तिला लाभ झाला. माहितीपटांत 'सेव्हन अप!' (१९६४) या कार्यक्रमाने सात वर्षांच्या मुलांना बोलते केले आणि दर सात वर्षांनी त्यांच्याकडे परत जाण्याचा प्रघात पाडला. डेव्हिड ॲटनबरो यांची तेरा भागांची 'लाइफ ऑन अर्थ' (१९७९) ही मालिका निसर्गविषयक माहितीपटांचा मानदंड ठरली.

मुंबई दूरदर्शनचा काळ

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. दिल्लीबाहेरचे पहिले केंद्र मुंबईचे. वरळी येथील या केंद्राचे कृष्णधवल प्रक्षेपण आरंभी मुंबई व आसपासच्या भागापुरते होते. १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यापर्यंत पोहोचले. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळे झाले.

एकच वाहिनी आणि संध्याकाळचे मोजके तास अशी मर्यादा असतानाही या काळातील मराठी कार्यक्रमांची विविधता लक्षणीय होती. विनायक चासकर यांचा 'गजरा' हा नाट्यछटा व विनोदाचा कार्यक्रम, साहित्यिक व कलावंतांच्या मुलाखतींचा 'प्रतिभा आणि प्रतिमा', आकाशानंद यांचा प्रबोधनपर 'ज्ञानदीप', मुलांसाठी 'किलबिल' आणि शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' हे सर्व कार्यक्रम एकाच प्रेक्षकवर्गासमोर येत. वाहिनी बदलण्याची सोय नसल्यामुळे नाटक पाहण्यासाठी बसलेला प्रेक्षक शेतीचा कार्यक्रमही पाहत असे. विविधता टिकण्यास निर्मात्यांच्या कल्पकतेइतकीच ही सक्तीही कारणीभूत होती, हे मान्य करावे लागते.

चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव' ही मालिका या काळातील सर्वांत लोकप्रिय निर्मितींपैकी एक आहे. तिच्यात दिलीप प्रभावळकर यांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला. पुढे रणजित देसाई यांच्या कादंबरीवरील 'स्वामी' या मालिकेत रवींद्र मंकणी माधवरावांच्या व मृणाल देव (कुलकर्णी) रमाबाईंच्या भूमिकेत होत्या. ना. धों. ताम्हनकर यांच्या 'गोट्या'वर राजदत्त यांनी मालिका केली. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' या कादंबरीचेही मालिकेत रूपांतर झाले. यांतील बहुतेक मालिका मराठी साहित्यावर आधारित होत्या, त्यांचे भाग मर्यादित होते आणि कथा संपली की मालिका संपत असे. संवादांची भाषा मात्र प्रामुख्याने पुणे-मुंबईच्या प्रमाण मराठीची होती. ग्रामीण बोली विनोदी पात्रांच्या किंवा घरगड्यांच्या वाट्याला येई.

वऱ्हाडात दूरचित्रवाणी

मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकात वऱ्हाडातील प्रेक्षकाला हे कार्यक्रम दिसणे तांत्रिकदृष्ट्या शक्यच नव्हते. मुंबई ते बडनेरा हे रेल्वेचे अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर असून जमिनीवरील प्रक्षेपकाचा आवाका त्याच्या एका लहान अंशाइतकाही नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झालेल्या 'साइट' या उपग्रह शिक्षण प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना सामुदायिक संच मिळाले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. या भागात करमणुकीचे व माहितीचे साधन नागपूर आकाशवाणी (स्थापना १९४८) हेच राहिले.

१९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. याच सुमारास नागपूरला दूरदर्शन आले आणि ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला. उपग्रहाद्वारे विशिष्ट ग्रामीण भागांसाठी प्रादेशिक भाषांत कार्यक्रम देण्याच्या योजनेत या वेळी महाराष्ट्राचा समावेश होता आणि तिचे क्षेत्र विदर्भात होते. त्यानंतर १९८४ मध्ये लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरले. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना त्यात प्राधान्य होते. अमरावती व अकोला ही शहरे या वर्गात मोडत होती. अशा प्रक्षेपकाचा आवाका साधारणपणे पंधरा ते पंचवीस किलोमीटरचा असल्यामुळे शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवरील वलगावसारख्या गावात उंच अँटेना लावून चित्र मिळवता येई. त्यापलीकडच्या गावांना अधिक काळ थांबावे लागले.

मात्र हे प्रक्षेपक मुख्यतः उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम पुनःप्रक्षेपित करीत. मराठी भाषक प्रदेश असूनही वऱ्हाडातील बहुसंख्य प्रेक्षकांची दूरचित्रवाणीशी पहिली ओळख हिंदीतून झाली. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली 'हम लोग' आणि त्यानंतरच्या 'बुनियाद', 'रामायण', 'महाभारत' या मालिका येथे पाहिल्या गेल्या. मुंबई-पुण्यातील एका पिढीच्या आठवणींत 'गजरा' आणि 'चिमणराव' यांना जे स्थान आहे, ते वऱ्हाडातील त्याच वयाच्या पिढीकडे नाही. मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासाचे लेखन बहुधा मुंबईच्या आठवणींवरून होत असल्याने हा फरक सहसा नोंदवला जात नाही.

खासगी वाहिन्या आणि दैनंदिन मालिका

दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली. तीच पुढे 'सह्याद्री' या नावाने ओळखली जाऊ लागली. या वाहिनीवरील 'दामिनी' ही मराठीतील पहिली दैनंदिन मालिका मानली जाते. तिची नायिका पत्रकार होती. १९९९ मध्ये अल्फा मराठी (नंतरचे झी मराठी), २००० मध्ये ईटीव्ही मराठी (नंतरचे कलर्स मराठी) आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह या वाहिन्या आल्या. केबल व पुढे घरावरील छत्रीमुळे प्रक्षेपकाच्या आवाक्याचा प्रश्न मिटला आणि वलगावातील व वरळीतील प्रेक्षक प्रथमच एकाच वेळी एकच मराठी मालिका पाहू लागले.

आरंभीची वर्षे प्रयोगशील होती. प्रतिमा कुलकर्णी यांची 'प्रपंच', मराठी साहित्यकृतींवरील 'पिंपळपान', प्राध्यापक स्त्रीच्या संसाराची 'आभाळमाया' आणि दिलीप प्रभावळकर यांच्याच लेखनावर आधारलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिका त्या काळातील आहेत. नंतर प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक मोजणीवर जाहिरातींचा दर ठरू लागला व आठवड्यातून पाच-सहा दिवस चालणारी, शेवट निश्चित नसलेली कौटुंबिक मालिका हाच प्रधान प्रकार झाला. 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एका भागासाठी मिळणारा वेळ कमी झाल्यावर चित्रण मुंबई परिसरातील चित्रीकरणस्थळांवर, बंद घरात करणे सोयीचे ठरले. वाहिन्यांची संख्या वाढत असताना कार्यक्रमांचे प्रकार कमी होत गेले. 'अग्निहोत्र', 'असंभव' किंवा झी युवावरील मुक्ता बर्वे यांची 'रुद्रम' (२०१७) अशा मालिका अपवाद ठरल्या.

ऐतिहासिक व चरित्रपर मालिका हा दुसरा टिकून राहिलेला प्रकार. 'राजा शिवछत्रपती' (२००८), रमाबाई रानडे यांच्यावरील 'उंच माझा झोका' (२०१२), 'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०१७) आणि स्टार प्रवाहवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावरील मालिका (२०१९) यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. ब्रिटिश कार्यक्रमांचे थेट रूपांतर मराठीत क्वचितच झाले. 'यस मिनिस्टर'वरून 'जी मंत्रीजी' ही मालिका निघाली ती हिंदीत, फारूख शेख यांना घेऊन. मराठीत आला तो 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर' या ब्रिटिश प्रश्नमंजूषेचा 'कोण होईल मराठी करोडपती' (२०१३) हा अवतार, आणि तो नाटक वा माहितीपट यांपैकी कशातच मोडत नाही.

वऱ्हाडी बोली

वऱ्हाडीची काही वैशिष्ट्ये कानाला लगेच जाणवतात. 'मला, तुला' यांऐवजी 'मले, तुले', 'कशाला' ऐवजी 'कायले', 'मुलगा' ऐवजी 'पोट्टा' अशी रूपे तीत येतात. 'ळ' चा 'य' होतो, त्यामुळे काळी माती 'कायी माती' होते आणि डोळा 'डोया'. क्रिया चालू असल्याचे 'करून राहिला', 'येऊन राहिला' अशा रचनेने सांगितले जाते. ही रचना हिंदीच्या जवळची वाटत असली, तरी ती या प्रदेशाच्या मराठीत रुळलेली आहे. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांच्या कवितेने ही बोली मराठी वाचकांपर्यंत व 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटातील गीताद्वारे श्रोत्यांपर्यंत नेली.

२०१० नंतरच्या दशकात मराठी मालिका काही प्रमाणात मुंबईबाहेर पडल्या. 'रात्रीस खेळ चाले'मधून मालवणी, 'तुझ्यात जीव रंगला'मधून कोल्हापुरी आणि 'लागिरं झालं जी'मधून सातारी बोली घरोघरी पोहोचली. या तिन्ही मालिकांचे चित्रण त्या त्या भागात झाले. वऱ्हाडीच्या बाबतीत तसे घडले नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६–२१) या मालिकेची नायिका राधिका नागपूरची दाखवली होती व अनिता दाते यांनी तिची भाषा वैदर्भी वळणाची ठेवली होती. पण तिचे घर आणि संसार मुंबई परिसरातला होता. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनी 'फू बाई फू' व 'चला हवा येऊ द्या' (२०१४ पासून) या कार्यक्रमांतून अस्सल वऱ्हाडी बोलून तिला महाराष्ट्रभर श्रोते मिळवून दिले. मात्र ते श्रोते हसण्यासाठी जमलेले होते. गंभीर प्रसंगी, निर्णय घेताना किंवा प्रेम व्यक्त करताना वऱ्हाडी बोलणारे प्रमुख पात्र मराठी मालिकांत दुर्मीळ आहे.

'वऱ्हाड निघालंय लंडनला' या लक्ष्मण देशपांडे यांच्या गाजलेल्या एकपात्री प्रयोगाच्या नावामुळे काही वाचकांचा गैरसमज होतो. त्यातील 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाची वऱ्हाडी मंडळी; त्याचा वऱ्हाड प्रांताशी संबंध नाही आणि त्यातील बोली मराठवाड्याची आहे.

संतचरित्रे आणि वलगाव

वऱ्हाड पडद्यावर नियमितपणे आला तो संतचरित्रांतून. शेगावचे गजानन महाराज हा त्यांतील सर्वांत परिचित विषय. सन मराठी वाहिनी २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या तिच्या मालिकांत 'संत गजानन शेगावीचे' ही होती.

गाडगेबाबा यांच्या बाबतीत दृश्य व श्राव्य साधनांचा प्रश्न निराळा आहे. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे निधन झाले. त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी नव्हती. मात्र निधनाच्या सहा आठवडे आधी, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले. श्रोत्यांना प्रश्न विचारायचा, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे आणि त्यावर पुढचा प्रश्न उभा करायचा ही त्यांची पद्धत त्यात ऐकू येते. भाषा वऱ्हाडीच आहे. मुंबईच्या श्रोत्यांसाठी त्यांनी ती बदलली नाही व श्रोत्यांना ती समजण्यात अडचण आल्याचे जाणवत नाही. वऱ्हाडी प्रेक्षकांना कळणार नाही म्हणून ती सौम्य करावी, या समजुतीविरुद्ध हे ध्वनिमुद्रण उत्तम पुरावा ठरते.

राजदत्त दिग्दर्शित 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबांची भूमिका केली. पुढे 'डेबू' (२०१०) या चित्रपटात ती मोहन जोशी यांनी केली. महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिल्यानंतर त्यांच्यावरील कार्यक्रमांत स्वच्छतेचा संदेश प्रमुख झाला. कर्ज काढून सण करू नका, पशुहत्या करू नका, शिवाशिव पाळू नका आणि मुलांना शाळेत घाला हा त्यांच्या कीर्तनाचा आशय त्यामानाने मागे पडला.

कापूस आणि माहितीपट

मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्याच वर्षी, १९७२ मध्ये, राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु पुढील तीस वर्षे वऱ्हाडातील कापूस उत्पादकाचा व्यवहार ज्या योजनेभोवती फिरला, तिच्यावर मराठी दूरचित्रवाणीने नाट्य उभे केले नाही. कापूस दिसला तो शेतीविषयक कार्यक्रमांत, वाण, फवारणी व बाजारभाव या स्वरूपात. अशा कार्यक्रमांना अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या (स्थापना १९६९) संस्थांतील संशोधनाचा आधार होता. प्रेक्षकसंख्येच्या मोजणीत हे कार्यक्रम कधी वरच्या क्रमांकावर आले नाहीत; पण पेरणीच्या हंगामात त्यांचा उपयोग होत असे.

२००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी मिळाली. पुढील काही वर्षांत विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. याच काळात वऱ्हाड माहितीपटांचा विषय झाला. दीपा भाटिया यांच्या 'नीरोज गेस्ट्स' (२००९) या माहितीपटात पत्रकार पी. साईनाथ यांचा विदर्भातील प्रवास आहे. मुंबईतील एका फॅशन सप्ताहासाठी ५१२ अधिस्वीकृत पत्रकार उपस्थित होते, तेथे सुती वस्त्रे दाखवली जात होती, आणि त्याच वेळी ज्या प्रदेशात तो कापूस पिकतो तेथील आत्महत्यांचे वार्तांकन करणारे राष्ट्रीय पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे साईनाथ यांनी वारंवार सांगितलेले उदाहरण या माहितीपटाची दिशा स्पष्ट करते. मिशा पेलेड यांचा 'बिटर सीड्स' (२०११) यवतमाळ जिल्ह्यातील तेलंग टाकळी या गावात एका हंगामाची पेरणी ते वेचणी अशी साखळी टिपतो. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने 'द डाइंग फील्ड्स' (२००७) हा विदर्भावरील माहितीपट दाखवला होता.

हे तिन्ही माहितीपट मराठी वाहिन्यांची निर्मिती नाहीत. त्यांत शेतकरी वऱ्हाडीत बोलतात आणि त्यांचे म्हणणे इंग्रजी उपशीर्षकांतून जगाला कळते. त्या वर्षांत मराठी वाहिन्यांवर शेतकऱ्यांचा प्रश्न मुख्यतः बातमीपत्रांत व चर्चांत होता. रात्रीच्या मालिकांच्या वेळेत त्याला जागा नव्हती. कथात्म रूपात तो आणला चित्रपटाने. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटात गिरीश कुलकर्णी व सोनाली कुलकर्णी यांनी विदर्भातील शेतकरी दांपत्य उभे केले. शेजारच्या आत्महत्येनंतर घाबरलेली बायको नवऱ्यावर सतत नजर ठेवते, या साध्या कल्पनेवर तो आधारलेला असून त्यातील विनोद बोलीतून येतो, बोलीवर केलेला नाही.

जतन

जुन्या कार्यक्रमांची उपलब्धता ही अभ्यासकांपुढील अडचण आहे. आरंभीच्या काळात ध्वनिचित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर होती. बीबीसीसारख्या संपन्न संस्थेतही १९६० च्या दशकातील 'डॉक्टर हू' या मालिकेचे शंभराच्या आसपास भाग याच कारणाने नष्ट झाले. प्रेक्षकांनी घरी केलेली ध्वनिमुद्रणे व परदेशी वाहिन्यांना विकलेल्या प्रती यांच्या आधारे त्यांचा शोध पुढेही चालू राहिला. मराठी कार्यक्रमांच्या प्रती परदेशी जाण्याचा प्रश्नच नव्हता आणि घरगुती मुद्रणयंत्रे सामान्य कुटुंबांत १९८० च्या दशकापर्यंत आली नव्हती. त्यामुळे १९७० च्या दशकातील अनेक कार्यक्रमांविषयीची माहिती आज कलावंतांच्या मुलाखती, आत्मचरित्रे आणि तत्कालीन वृत्तपत्रांतील कार्यक्रमपत्रिका यांवरूनच मिळवावी लागते.